गती, बल आणि ऊर्जा: भौतिकशास्त्राला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

भौतिकशास्त्राच्या पहिल्या दोन-तीन प्रकरणांत माणूस अडतो तो बहुधा गणितामुळे नाही. तिथे लागणारं गणित म्हणजे बेरीज-वजाबाकी, वर्ग, वर्गमूळ आणि पुढे थोडी त्रिकोणमिती. खरी अडचण अशी की, आपण लहानपणापासून वस्तू ढकलत, फेकत, उचलत आलो आहोत आणि त्यातून काही अंदाज मनात पक्के झाले आहेत. ढकलणं थांबलं की वस्तू थांबते, म्हणजे गती टिकवायला बल लागतं. जड वस्तू हलकीपेक्षा लवकर खाली येते. वर फेकलेला चेंडू सर्वांत वरच्या बिंदूवर क्षणभर सगळ्यातून मोकळा असतो. हे तिन्ही अंदाज चुकीचे आहेत, आणि सूत्रं पाठ झाली तरी ते आपोआप जात नाहीत.

शाळा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी मी हा विषय पुन्हा पहिल्यापासून शिकलो, नंतर काही जणांना शिकवलाही. दोन्ही वेळी एकच क्रम उपयोगी पडला: आधी काय घडतंय ते शब्दांत सांगायचं, मग चित्र काढायचं, सूत्र सर्वांत शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

१. जवळ काय हवं

- एक साधी वही आणि एक आलेख वही
- पेन्सिल, खोडरबर, ३० सेंटिमीटरची पट्टी, कोनमापक
- साधा कॅल्क्युलेटर
- मोजपट्टी
- स्लो मोशन व्हिडिओ काढता येणारा मोबाइल
- एक टणक, भरीव छोटा गोळा किंवा गोटी, आणि दीड-दोन मीटर लांबीची सरळ फळी

पेन्सिल मुद्दाम सांगतो आहे. बलाचे बाण चार वेळा खोडून पुन्हा काढावे लागतात. पेनाने काढणारे लोक चुकीचा बाण तसाच ठेवून पुढे जातात.

२. एकक आणि दिशा आधी ठरवा

लांबी मीटरमध्ये, वस्तुमान किलोग्रॅममध्ये, काळ सेकंदात. गणितात दुसरं एकक दिलं असेल तर पहिल्याच ओळीत बदलून घ्या. किलोमीटर प्रति तासाला ३.६ ने भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर.

ही शिस्त फक्त परीक्षेपुरती नाही. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. एका संगणक प्रणालीने आकडे पाउंडाच्या हिशेबात दिले होते आणि दुसरीने ते न्यूटनच्या (बलाच्या मेट्रिक एककाच्या) हिशेबात धरले होते.

एककानंतर दिशा. वर धन की खाली धन, उजवीकडे धन की डावीकडे, हे तुमच्या मर्जीवर आहे. पण ते वहीत लिहा, आणि एकदा लिहिलं की गणित संपेपर्यंत बदलू नका. वर फेकलेल्या चेंडूच्या गणितात जाताना वर धन आणि परत येताना खाली धन धरणं, हा नवख्यांचा सर्वांत मोठा सापळा आहे. वर धन धरलं असेल तर गुरुत्व त्वरण (गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला वेगात होणारा बदल) पूर्ण प्रवासात उणे ९.८ च राहतं, चेंडू वर जात असो की खाली येत असो.

३. अंतर, विस्थापन, चाल, वेग

अंतर म्हणजे वस्तू एकूण किती फिरली. विस्थापन म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतची सरळ रेषा, दिशेसकट. ४०० मीटरच्या गोल धावपट्टीवर एक फेरी पूर्ण केली तर अंतर ४०० मीटर आणि विस्थापन शून्य. अंतराला काळाने भागलं की सरासरी चाल मिळते, विस्थापनाला भागलं की सरासरी वेग.

इथे एक गणित करून बघाच. जाताना ताशी ६० किलोमीटर आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ३० किलोमीटर, तर सरासरी चाल किती? ४५ हे उत्तर लगेच सुचतं आणि ते चूक आहे. रस्ता ६० किलोमीटरचा धरा: जायला १ तास, यायला २ तास. एकूण १२० किलोमीटर ३ तासांत, म्हणजे ताशी ४०. कमी चालीने जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकते.

४. त्वरणाला घाई करू नका

या पायरीवर आठवडा गेला तरी चालेल, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

वेग दर सेकंदाला किती बदलतो ते त्वरण. वेग म्हणजे त्वरण नव्हे. ताशी १०० किलोमीटरने सरळ रस्त्यावर एकसारखी धावणारी गाडी शून्य त्वरणाने चालली आहे. नुकतीच जागेवरून हललेली गाडी अगदी हळू असली तरी तिला भरपूर त्वरण असू शकतं. आणि वेगात दिशाही येते, त्यामुळे चाल तीच ठेवून वळण घेणाऱ्या गाडीलाही त्वरण असतं, वळणाच्या आतल्या बाजूला.

आता चेंडू घ्या. सेकंदाला १९.६ मीटर वेगाने तो सरळ वर फेकला. दर सेकंदाला वेगातून ९.८ वजा होतात: १ सेकंदानंतर ९.८, २ सेकंदांनंतर शून्य, ३ सेकंदांनंतर उणे ९.८, ४ सेकंदांनंतर उणे १९.६. सर्वांत वरच्या बिंदूवर वेग शून्य आहे, पण त्वरण तिथेही खाली ९.८ च आहे. ते शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. ही ओळ वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. पाठ्यपुस्तकातली तीन समीकरणं त्यानंतर बघा:

अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ
विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + अर्धा × त्वरण × काळाचा वर्ग
अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन

या तिन्हींना एक अट आहे: त्वरण स्थिर हवं. ताणलेल्या स्प्रिंगला जोडलेल्या वस्तूचं त्वरण क्षणोक्षणी बदलतं. तिथे ही समीकरणं लावली तर उत्तर येईल, पण ते चूक असेल.

जड आणि हलक्या वस्तूंचं काय? हवेचा विरोध नसेल तर दोन्ही एकाच त्वरणाने पडतात. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही एकाच वेळी जमिनीवर टेकले. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर पाहा. चंद्रावर गुरुत्व त्वरण साधारण १.६ आहे. पृथ्वीवरही ते सगळीकडे अगदी सारखं नाही: विषुववृत्ताजवळ ९.७८, ध्रुवांजवळ ९.८३. सुरुवातीला ९.८ पुरे.

५. आलेख वाचायला शिका

हा भाग बरेच जण वगळतात, मला मात्र तो सूत्रांपेक्षा मोलाचा वाटतो. स्थान-काळ आलेखाचा चढ म्हणजे वेग. वेग-काळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण, आणि त्याच्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन.

सापळा असा की, आलेख हा रस्त्याचं चित्र समजून वाचला जातो. वेग-काळ आलेखात रेषा खाली उतरताना दिसली की "गाडी मागे येतेय" असं वाटतं. ती पुढेच चालली आहे, फक्त वेग कमी होतो आहे; रेषा आडव्या अक्षाच्या खाली गेली तरच ती मागे फिरली. आधीच्या पायरीतल्या चेंडूचे दोन्ही आलेख हाताने काढा. स्थानाचा आलेख वक्र येईल, वेगाचा सरळ रेषा, वरून खाली अक्ष छेदून जाणारी. दोन्ही एकाखाली एक ठेवून २ सेकंदांच्या जागी बोट ठेवा आणि तिथे काय चाललंय ते मोठ्याने सांगा.

६. एक प्रयोग कराच

चेंडू हातातून सोडून स्टॉपवॉचने वेळ मोजायचा मोह होईल. दीड मीटरवरून पडायला जेमतेम ०.५५ सेकंद लागतो आणि बटण दाबण्यातच साधारण ०.२ सेकंद जातो. अशा मापनाला अर्थ राहत नाही. गॅलिलिओपुढेही हीच अडचण होती. त्याने उतरत्या फळीवरून गोळा सोडला, म्हणजे तीच गती सावकाश झाली, आणि भांड्यातून वाहणाऱ्या पाण्यावर वेळ मोजली. १६३८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं.

फळीचं एक टोक थोडं उचला, बाजूला मोजपट्टी चिकटवा, गोळा अलगद सोडा आणि स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. समान काळाच्या टप्प्यांवर गोळा सुरुवातीपासून किती लांब आहे ते नोंदवा. ती अंतरं १, ४, ९, १६ या प्रमाणात येतील. काळ दुप्पट, अंतर चौपट.

एक सूचना. यावरून गुरुत्व त्वरण काढायला गेलात तर ते कमी येईल आणि प्रयोग फसला असं वाटेल. फसलेला नसतो. गोळा घसरत नाही, घरंगळतो. ऊर्जेचा काही भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो. भरीव गोळ्याचं त्वरण त्याच उतारावर घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ असतं.

७. बल: एक वस्तू निवडा, बाकी जग बाजूला ठेवा

न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या तीन नियमांपैकी पहिल्याचा अर्थ असा: वस्तूवरचं निव्वळ बल (सगळ्या बलांची दिशेसकट बेरीज) शून्य असेल तर तिचा वेग बदलत नाही. थांबलेली थांबलेली राहते, चालणारी त्याच वेगाने सरळ चालत राहते. व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये निघालं. आज ते सूर्यापासून दूर सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे, इंजिनाने ढकलल्याशिवाय. जमिनीवर ढकललेली पेटी थांबते ती बल संपलं म्हणून नव्हे. घर्षणाचं बल मागे ओढत राहतं म्हणून.

दुसरा नियम:

निव्वळ बल = वस्तुमान × त्वरण

यातला "निव्वळ" हा शब्द गाळला की सगळं कोसळतं. २० किलोग्रॅमची पेटी ७० न्यूटनने ढकलली आणि घर्षण ३० न्यूटन असेल, तर सूत्रात ४० जातात. त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग.

प्रत्येक गणितात हे करा:

- ज्या वस्तूबद्दल विचारलंय ती एकटी काढा, नुसता चौकोन पुरे.
- तिच्यावर बाहेरून लागणारं प्रत्येक बल बाणाने दाखवा. वजन, म्हणजे पृथ्वीने वस्तूला ओढण्याचं बल, नेहमी सरळ खाली. ज्याला ज्याला वस्तू टेकली आहे, तिथून एक बाण शक्य आहे: जमीन, दोरी, हात, हवा.
- प्रत्येक बाणापुढे लिहा, "हे बल कोण लावतंय?" उत्तर देता आलं नाही तर तो बाण खोडा.

शेवटची अट फार कामाची आहे. वर जाणाऱ्या चेंडूवर लोक "फेकण्याचं बल" म्हणून वरच्या दिशेने बाण काढतात. कोण लावतंय ते? हात तर कधीच सुटला. चेंडूवर फक्त वजन आणि हवेचा विरोध आहे. दोरीला बांधून गोल फिरवलेल्या दगडावर बाहेर ओढणारा बाणही असाच जातो. दोरी त्याला आतच ओढते.

वस्तुमान आणि वजनाचा घोळ लिफ्टच्या उदाहरणाने सुटतो. ६० किलोग्रॅमचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. काटा दाखवतो ते काट्याने वर लावलेलं बल. लिफ्ट स्थिर असताना ते ६० × ९.८ म्हणजे ५८८ न्यूटन. लिफ्टने वरच्या दिशेने १.२ चं त्वरण घेतलं की ६० × ११ म्हणजे ६६० न्यूटन. मग लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात राहिली की पुन्हा ५८८. इथे बहुतेक जण अडखळतात: वर चाललीय म्हणजे काटा जास्त दाखवणार असं वाटतं. काट्याला वेग कळत नाही, त्वरण कळतं. आणि लिफ्ट मोकळी पडली तर काटा शून्य दाखवेल, गुरुत्वाकर्षण तसंच असूनही. अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात ते याच कारणाने. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नऊ-दशांश शिल्लक असतं. स्थानक आणि माणसं एकत्र पडत असतात.

८. तिसरा नियम आणि घर्षण

तिसरा नियम असा: एका वस्तूने दुसरीवर बल लावलं की दुसरीही पहिलीवर तेवढंच, उलट दिशेचं बल लावते. क्रिया-प्रतिक्रियेची ही जोडी ओळखण्याची खूण: दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाने वर लावलेलं बल समान आणि विरुद्ध आहेत, पण ती जोडी नव्हे. दोन्ही पुस्तकावरच लागतात. पुस्तकाच्या वजनाची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणं. तेही तेवढंच असतं, फक्त पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्ये इतके किलोग्रॅम असल्याने तिचं त्वरण जाणवत नाही. "क्रिया आणि प्रतिक्रिया एकमेकांना रद्द करतात, मग काही हलतंच कसं?" हा प्रश्न पडला असेल तर उत्तर हेच: वेगवेगळ्या वस्तूंवरची बलं एकमेकांत वजा करायची नसतात.

घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं हे अर्धवट वाक्य आहे. ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला विरोध करतं. चालताना पाय जमिनीला मागे रेटतो, जमीन पायाला पुढे रेटते, आणि ते पुढचं बल घर्षणाचंच आहे. दुसरं, स्थिर वस्तूवरचं घर्षण हा ठरलेला आकडा नसतो. १० न्यूटनने ढकलून पेटी हलली नाही तर घर्षण १०. २० ने हलली नाही तर २०. एका मर्यादेनंतर पेटी सुटते. घर्षणांकाला (दोन पृष्ठभागांच्या जोडीवरून ठरणारा आकडा) लंब बलाने (पृष्ठभाग वस्तूला काटकोनात लावतो ते बल) गुणून ती मर्यादा मिळते, प्रत्येक वेळचं घर्षण नव्हे.

९. ऊर्जा म्हणजे हिशेबवही

बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन गुणिले बल म्हणजे कार्य, आणि ते ज्यूलमध्ये मोजतात. जड पिशवी हातात धरून उभं राहिलात तर पिशवीवर कार्य शून्य. हात दुखतो कारण स्नायू आतल्या आत ऊर्जा खर्च करत राहतात. ती पिशवीला मिळत नाही.

गतिज ऊर्जा = अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग
स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची

उंची कुठून मोजायची ते तुम्ही ठरवा. फरक तेवढा महत्त्वाचा. वेगाच्या वर्गाकडे मात्र नीट लक्ष द्या. १८ व्या शतकात ग्रावेसांडे या डच शास्त्रज्ञाने मऊ मातीवर गोळे टाकून पाहिलं होतं आणि एमिली दु शातले या फ्रेंच विदुषीने त्या निष्कर्षाचं महत्त्व ओळखून तो मांडला: वेग दुप्पट तर आघाताची खोली चौपट. ब्रेकचंही तेच. सेकंदाला १० मीटर वेगाची गाडी ५ मीटर प्रति सेकंद वर्गाने मंदावली तर १० मीटरांत थांबते. वेग २० असेल तर ४० मीटर लागतात. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे एक गणित स्वतः सोडवावं असं मला मनापासून वाटतं.

वहीत जमा-खर्च जुळलाच पाहिजे, तसं ऊर्जेचं आहे. घर्षण असेल तर गतिज आणि स्थितिज मिळून बेरीज कमी भरते. कमी पडलेला भाग उष्णता झालेला असतो. जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. आज आपण १ कॅलरी म्हणजे सुमारे ४.१९ ज्यूल धरतो.

शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा वापरली, एकक वॅट. ६० किलोग्रॅमचा माणूस ३ मीटर जिना ६ सेकंदांत चढला तर १७६४ ज्यूल भागिले ६, म्हणजे २९४ वॅट. वॅट आणि किलोवॅट-तास यांची गल्लत करू नका: पहिलं शक्तीचं, दुसरं ऊर्जेचं एकक. १ किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल, आणि तेवढ्या ऊर्जेने त्याच माणसाला सहा किलोमीटरहून जास्त उंच नेता येईल.

१०. गणित समोर आलं की कुठून जायचं

प्रश्नात काळ किंवा त्वरण असेल तर बलाची आकृती आणि समीकरणं. फक्त वेग आणि उंची किंवा अंतर असेल तर ऊर्जा. ती वाट जवळची पडते. दोन वस्तूंची टक्कर असेल तर आधी संवेग, म्हणजे वस्तुमान × वेग. बाहेरचं निव्वळ बल नगण्य असेल तर टक्करीआधी आणि नंतर त्याची बेरीज तीच राहते. टक्करीत गतिज ऊर्जा टिकते असं गृहीत धरू नका. दोन वस्तू चिकटल्या तर ती नक्की घटते.

उत्तर आलं की तीन गोष्टी तपासा. एकक जुळतं का? वस्तुमान खूप मोठं किंवा शून्य केलं तर सूत्र शहाण्यासारखं वागतं का? आणि शक्य असेल तर दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येतं का? चौथ्या पायरीतला चेंडू घ्या. समीकरणाने उंची १९.६ × २ वजा अर्धा × ९.८ × ४, म्हणजे १९.६ मीटर. ऊर्जेने वेगाचा वर्ग ३८४.१६ भागिले १९.६, म्हणजे तेच १९.६ मीटर. वस्तुमान कुठे गेलं? दोन्ही बाजूंनी कटलं. ते का कटलं, हे एका वाक्यात लिहिता आलं की पुढे वर्तुळाकार गती आणि दोलक सुरू करायला हरकत नाही.